हिंज ढिलं झालंय की बॉडी फुटलीये?

प्रश्न : मुलीचा लॅपटॉप चार वर्षांचा झालाय. हल्ली झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यात कट्ट आवाज येतो, खालची बॉडी तिथे उचकटल्यासारखी वर येते आणि स्क्रीन नुसती डुलते. दुकानात दाखवला तर म्हणे हिंज गेलंय, अख्खी बॉडी बदला, आणि आकडा असा सांगितला की आम्ही लॅपटॉप पिशवीत घालून सरळ घरी आलो. घरात छोट्या स्क्रूड्रायव्हरचा सेट आहे, फेविक्विक आहे, मिस्टरांना उत्साहही आहे. घरी जमेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल ताई, पण फेविक्विक आधी ड्रॉवरमध्ये परत ठेवा आणि मिस्टरांना जरा थांबवा. वॉरंटी शिल्लक असेल तर काहीच उघडू नका.

लॅपटॉपचं हिंज दाराच्या बिजागरीसारखं मोकळं फिरत नाही, त्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं. दांड्यावर वॉशरची चळत आणि टोकाला नट, नट जेवढा आवळलेला तेवढं झाकण कडक. वापरून वापरून आतलं ग्रीस सुकतं आणि बऱ्याचदा हिंज ढिलं व्हायच्या ऐवजी उलट जाम होतं, मग झाकण उघडायला लावलेला सगळा जोर जातो प्लास्टिकवर. त्या प्लास्टिकच्या छोट्या खांबांमध्ये आटे पाडलेले पितळेचे बारके नट बसवलेले असतात, ते उपटून बाहेर येतात. तुमचा कट्ट आवाज तोच. म्हणजे हिंज गेलेलं नाहीये, ते फार घट्ट आहे म्हणून बॉडी फुटलीये. (झाकण आपोआप खाली पडत असेल आणि कोपऱ्यात कुठेही फट नसेल, तरच हिंज खरंच ढिलं समजायचं. तिथे तो नट किंचित आवळला की काम होतं.)

हे सांगायचं कारण असं की बहुतेक जण नुसतं प्लास्टिक चिकटवतात, हिंज तसंच जाम ठेवतात, आणि काही दिवसांत तेच परत उखडतं. त्यामुळे आधी हिंज सैल करायचं, मग चिकटवायचं. क्रम उलटा केला तर मेहनत वाया.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं म्हणजे डेटाचा बॅकअप घ्या, मग मशीन पूर्ण शटडाऊन करा, नुसतं स्लीपवर ठेवू नका. खालचे स्क्रू काढा, काही रबराच्या पायांखाली लपलेले असतात. एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा, कारण लांब स्क्रू आखूड जागी घुसला तर आतून कीबोर्डपर्यंत पोचतो. उघडल्या उघडल्या बॅटरीचं कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, दाबू नका, टोचू नका, आधी तिचा बंदोबस्त करा.

हिंज बॉडीपासून सोडवा आणि हाताने फिरवून बघा. टोकाला नट असेल तर बारक्या पान्याने थोडासा सैल करा, अगदी थोडासा, परत फिरवून बघा. झाकण एका बोटाने उचललं जावं पण सोडल्यावर पडू नये, एवढंच. काही हिंजांना नट नसतोच, पत्रा गुंडाळलेला असतो, ती सैल होत नाहीत, बदलावीच लागतात. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर सांगून डावं-उजवं जोडीने घ्या.

चिकटवायला दोन ट्यूबवालं ॲराल्डाईट घ्या, सावकाश वाळणारं. फेविक्विकचा जोड ठिसूळ असतो, फट भरत नाही आणि पातळ असल्यामुळे वाहत जाऊन हिंजच जाम करतं. जागा सॅंडपेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातल्या ॲसिटोनने हे प्लास्टिक विरघळतं. दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात मिसळा, पितळी नट जागेवर ठेवा, स्क्रूला किंचित व्हॅसलीन लावा म्हणजे तो आत कायमचा अडकणार नाही, आणि हिंज बसवूनच सगळं वाळू द्या नाहीतर भोकं जुळत नाहीत. २४ तास हात लावायचा नाही. संध्याकाळी मुलीचं सबमिशन आहे म्हणून लवकर उघडलं तर पहिल्यापासून सुरुवात.

खांबाचा भुगाच झाला असेल तर चिकटवत बसू नका, बॉडीला आरपार भोक पाडून एम २.५ चा (म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीचा) चपट्या डोक्याचा बोल्ट घाला. दिसायला वाईट, पण मजबूत. मात्र हे खालच्या बॉडीलाच करा, झाकणात स्क्रीनचं पॅनेल अगदी जवळ असतं. असले बारके बोल्ट आणि नट पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, नाहीतर रविवार पेठेत बोहरी आळीत. जुना स्क्रू नमुना म्हणून सोबत न्या, नुसतं “बारका द्या” म्हणून काही मिळत नाही.

प्रश्न : हिंज करकरतं, डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मारू का?
– एक विद्यार्थी, सिंहगड रोड

उत्तर : नको रे बाबा. ते पातळ असतं, आतलं ग्रीस धुऊन नेतं आणि ज्या घर्षणावर झाकण टिकून राहतं तेच कमी करतं. शिवाय ओघळून स्क्रीनच्या कडेत गेलं तर डाग पडू शकतो. करकर फार असेल तर उघडून दांड्यावर टूथपिकच्या टोकाने ग्रीस लाव.

प्रश्न : झाकण मागे-पुढे केलं की स्क्रीनवर पट्टे येतात आणि मध्येच काळी होते. हाही हिंजचाच प्रकार का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : हिंजचा नाही, पण शेजारचा. डिस्प्लेची केबल हिंजच्या बाजूनेच वर जाते आणि तिथेच चिमटते किंवा आतून तुटत येते. बाहेरचा मॉनिटर लावून बघा, त्यावर चित्र स्वच्छ असेल तर बहुधा केबलच. ती मॉडेलप्रमाणे वेगळी मिळते. बसवताना जुनी जशी खाचांमधून फिरवलेली होती तशीच फिरवायची, म्हणून काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि वायफायच्या ॲन्टेनाच्या दोन बारीक वायरीही तिथूनच जातात, त्या ओढू नका.