ऑफिसच्या लॅपटॉपवर मी काय शोधलं, हे त्यांना कळेल का?

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. एका तरुणीची तर त्यापायी झोप उडाली होती. कंपनीने ईमेल आणि इंटरनेट वापराचं नवं धोरण पाठवून सही मागितली होती. आणि ती गेले काही महिने ऑफिसच्याच लॅपटॉपवर नैराश्यावरचे उपचार शोधत होती, बहिणीला त्याबद्दल ऑफिसच्या मेलवरून लिहीत होती. "इन्कॉग्निटोमध्येच बघायचे. आता सगळं डिलीट करू का?"

आधी मी तिला थांबवलं. इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी. तिच्यामुळे हिस्ट्री त्या ब्राउझरमध्ये उरत नाही, इतकंच. कोणत्या साइटवर गेलात, हे ऑफिसच्या नेटवर्कला दिसू शकतं. देखरेखीचं सॉफ्टवेअर असेल तर पानावरचा मजकूरही. मेल पुसला तरी त्याची प्रत सर्व्हरवर राहिलेली असू शकते. म्हणजे पुसून फारसं काही साधत नाही, वर लपवाछपवीचा संशय येतो. घाबरून ऑफिसचे मेल स्वतःच्या खात्यावर पाठवणं त्याहून वाईट, कारण कंपनीची माहिती बाहेर नेल्याचा ठपका बसू शकतो.

मग आम्ही ते धोरण ओळ न ओळ वाचलं. थोडा वैयक्तिक वापर चालणार होता. मनाई होती ती जुगार, अश्लील साइट, चोरीचं सॉफ्टवेअर आणि ग्राहकांची माहिती बाहेर पाठवण्याला. तिचं वागणं त्यात कुठेच बसत नव्हतं. तरी ती रडली. नोकरी जाण्यापेक्षा आपला आजार कुणीतरी वाचला असेल, हेच तिला जास्त सलत होतं. ही भीती मला अगदी रास्त वाटते.

रोमानियातल्या एका अभियंत्याला कामाच्या मेसेंजरवर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलल्याबद्दल २००७ मध्ये काढून टाकलं होतं. २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. देखरेख होणार आणि ती कितपत, याची पूर्वकल्पना त्याला दिली होती का, हे रोमानियातल्या न्यायालयांनी नीट तपासलंच नव्हतं. हा निकाल सगळीकडे लागू नाही, पण विचारणं गैर नाही एवढा धीर तिला त्यातून आला.

तिने एचआरला लिहिलं: काय नोंदवलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतात? उत्तर आलं, सुरक्षेचा इशारा आला तरच आयटी विभाग नोंदी उघडतो. तिने सही केली. उपचारांचं सगळं आता तिच्या फोनवर, ऑफिसचं वायफाय बंद ठेवून. ऑफिसच्या ब्राउझरमधून तिने स्वतःचं खातंही काढून टाकलं.

साहेबांना आजाराबद्दल सांगायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तिला घाई नाही, मलाही नाही.