टार (लिनक्स-युनिक्सवरची एक कमांड) केलं तरी फोल्डरची साईझ कमी का होत नाही?

अहो कारण टार मुळात कॉम्प्रेस करतच नाही, ते फक्त सगळ्या फाईली एका गाठोड्यात बांधतं. नावच टेप आर्काइव्हवरून आलंय, १९७९ च्या युनिक्सपासूनचं, तेव्हा मॅग्नेटिक टेपवर बॅकअप घ्यायचे. दाबून लहान करायचं काम जीझिप, एक्सझेड वगैरे प्रोग्रामचं.

टारला सी (आर्काइव्ह बनव), झेड (जीझिपने दाब), एफ (फाईलचं नाव) हे तीन ऑप्शन द्या, मग आर्काइव्हचं नाव आणि शेवटी फोल्डर. ऑप्शनना डॅश दिलात तर एफ मात्र शेवटीच हवा, कारण त्याच्या लगेच पुढे जे येईल तेच तो फाईलचं नाव समजतो, मी एकदा डॅश देऊन सी-एफ-झेड असं लिहिलं आणि झेड नावाची फाईल तयार झाली, ती पण न दाबलेली, बसलो शोधत! झेडऐवजी कॅपिटल जे दिलात तर एक्सझेड वापरतं, साईझ बहुतेक वेळा अजून कमी होते पण वेळ बराच खातं.

आणि फोल्डरमध्ये जेपेग फोटो किंवा व्हिडिओ असतील तर फारसा फरक पडणार नाही, ते आधीच कॉम्प्रेस्ड असतात. लॉग आणि टेक्स्ट फाईली मात्र मस्त दबतात.

हो, नुसतं जीझिप चालवलंत तर मूळ फाईल गायब होते, ठेवायची असेल तर स्मॉल के द्या.