१९व्या शतकात एखादी स्त्री चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य) म्हणून नावाजली होती का? की बायकांनी चेलो वाजवायचाच नाही असं होतं?

नावाजली होती. लीझ क्रिस्तियानी. जन्म पॅरिसचा, १८२७चा. आईवडील लवकर गेले, आजीआजोबांनी वाढवलं. १८४५ साली पॅरिसमध्ये पहिला मोठा जाहीर कार्यक्रम केला तेव्हा पोरगी सतरा वर्षांची होती.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग म्हणजे घोडं अडायचं कुठे? बसण्यावर! मुलींनी पियानो शिकावा, हार्प शिकावी, गाणं म्हणावं. कुणाची हरकत नसे. पण आज चेलोच्या तळाशी जमिनीवर टेकवायची जी सळई दिसते, ती तेव्हा सर्रास नव्हती. वाद्य दोन्ही पोटऱ्यांत धरून तोलावं लागे. घोळदार झग्यातल्या बाईनं चारचौघांत असं बसायचं म्हणजे अब्रह्मण्यम्! त्यामुळे लीझच्या वादनाइतकीच चर्चा तिच्या बैठकीची आणि रूपाची झाली.

तिचा सूर फार मोठा नव्हता आणि ती बहुतेक छोट्या, गोड चिजा वाजवायची, असं तेव्हाचे समीक्षक म्हणत. ऑफेनबाखची ‘म्युझेट’ ही छोटी रचना तिची हातखंडा. (हो, तोच ऑपेरेटावाला, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांचा संगीतकार. तरुणपणी तो स्वतः चेलोच वाजवायचा.) ध्वनिमुद्रणाचा काळ तिच्यानंतरचा, त्यामुळे हे शेरे आज पडताळता येत नाहीत. मी मात्र त्यांवर फारसा विसंबत नाही. कारण १८४५ सालीच लाइपझिगमध्ये तिच्या साथीला पियानोवर खुद्द मेंडेल्सोन, त्या काळचा नामवंत जर्मन संगीतकार, बसला होता, आणि त्याच्या घरातच, म्हणजे भाऊ पाउल, चांगला चेलो वाजवणारा होता. मेंडेल्सोननं लीझला एक रचना अर्पण केली: ‘शब्दांविना गीत’, ओपस (रचनाक्रमांक) १०९. ती छापली गेली तोवर दोघंही हयात नव्हती.

माझ्या मते तिचं खरं कर्तृत्व मात्र पुढचं आहे. डेन्मार्क, स्वीडन करत ती पीटर्सबर्गला पोचली आणि तिथून थेट सैबेरियात शिरली. १८४९मध्ये पूर्व सैबेरियाचा गव्हर्नर-जनरल मुराव्योव कामचटकाच्या, म्हणजे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या द्वीपकल्पाच्या, दौऱ्यावर निघाला. त्याची बायको फ्रेंच, तीही बरोबर होती आणि त्यांच्या लवाजम्यात लीझ. इर्कुत्स्कहून निघून लेना नदीतून याकुत्स्क, पुढे दलदल आणि डोंगर तुडवत घोड्यावरून ओखोत्स्क, मग जहाजानं पेत्रोपावलोव्स्क. सोबत कोण? तर १७००साली स्ट्राडिव्हारी या विख्यात इटालियन वाद्यकारागिरानं घडवलेला चेलो! पत्रांतून ती त्याला ‘मिस्टर स्ट्राडिव्हारियस’ म्हणायची. आज असं वाद्य विमानात न्यायचं तर त्याच्यासाठी वेगळी सीट काढतात. हिनं ते कामचटकापर्यंत नेऊन तिथल्या लोकांना ऐकवलं.

परतल्यावरही ती थांबली नाही. रशियातच दौरे चालू राहिले, दक्षिणेला कॉकेशसपर्यंत. १८५३च्या ऑक्टोबरात नोवोचेर्कास्कला कॉलऱ्यानं गाठलं. पंचविशीतच गेली.

चेलो मात्र शाबूत राहिला. पुढे तो ह्यूगो बेकर या नामांकित जर्मन वादकाकडे होता, आता इटलीत क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात आहे. नावात अजून ‘क्रिस्तियानी’ आहेच.

ऐकायचं असेल तर ओपस १०९चं जॅकलिन द्यू प्रे (चेलो) आणि जेराल्ड मूर (पियानो) यांचं ध्वनिमुद्रण शोधा. जेमतेम चारेक मिनिटांचं आहे. सुरुवातीला चेलो संथ गातो, मधल्या भागात डी मायनर या उदास स्वरसप्तकात एकदम घालमेल सुरू होते. सूर लहान असलेल्या वादकासाठी मेंडेल्सोननं तो भाग लिहिला असेल, हे मला तरी पटत नाही.