चौथा महिना लागलाय. घरच्यांना आणि मैत्रिणींना सगळं कळवायला ग्रुप काढू का?

काढू नका. बाकीचं सांगते, पण आधी एवढं ऐका.

तुम्ही लिहिलंय की सासर, माहेर, ऑफिस, कॉलेजच्या मैत्रिणी, सगळे रोज विचारतात, तर सोनोग्राफी, वजन, बाळाची खरेदी हे सगळं एकाच ठिकाणी टाकलं तर त्रास वाचेल का. आमच्या वन्संनी नेमकं हेच म्हणून ग्रुप काढला होता. मला न विचारता, तिसरा महिना सरायच्या आत. ब्याऐंशी माणसं! त्यात ह्यांच्या ऑफिसातला एक जण होता, त्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही, पण मला दूध नको होतं आणि मिसळ हवी होती हे त्याला पाठ होतं.

पहिल्या सोनोग्राफीचा फोटो पडला आणि लोक त्यात मुलगा की मुलगी शोधायला लागले. डोहाळजेवणात पेढ्याची वाटी निघाली, म्हणजे मुलगा म्हणे, तर तिचाही फोटो, खाली चाळीस अंगठे. हौस आहे हो, मान्य. पण २००१ च्या जनगणनेत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. लक्ष्मीकांत देशमुख कलेक्टर असताना इथल्या सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवावी लागली. त्या गावात बसून पेढा आला म्हणून टाळ्या वाजवायच्या? मी तेव्हाच बोलले. वन्सं म्हणाल्या, “वैनी, तुम्हाला गंमत कळत नाही.”

मग सुरू झाली उलटी मोजणी. तारीख होती २१ ऑगस्ट २०१९. वन्सं पुण्यात, पण रोज सकाळी ग्रुपवर “आणखी इतके दिवस”. ती तारीख म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले २८० दिवस, नुसता अंदाज. बरोबर त्या दिवशी शंभरात चार-पाच बाळं येतात. सदतिसावा आठवडा पुरा झाला की कधीही.

आणि आला तो ऑगस्ट. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आम्ही नागाळा पार्कात, तळमजल्यावर. सोमवारी नागपंचमी. टीव्हीवर दिवसभर काश्मीरचं ३७० कलम आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंचगंगा. हे पुण्याला कामाला गेलेले, शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला आणि तिकडेच अडकले. मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि एक बॅग अशा आम्ही राजारामपुरीत मावससासूबाईंकडे निघालो. बॅगेत काय? झबली, टोपरी, वाळे. ग्रुपवर फोटो टाकून झालेलं सगळं. लाकडी पाळणा मागेच राहिला, नंतर फुगून वाया गेला.

लाईट नाही. मोबाईलला वीस टक्के चार्जिंग आणि दर दहा मिनिटांनी फोन: “झालं का? अजून नाही?” तारखेला दोन आठवडे होते, पण सगळ्यांना घाई. मंगळवारी संध्याकाळी मोबाईल मेला. ह्यांच्याशी शेवटचं धड बोलणंही झालं नाही.

बुधवारी रात्री कळा सुरू झाल्या. नाव घातलं होतं त्या दवाखान्याच्या दारात गुडघाभर पाणी. जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, “फाईल?” माझा रक्तगट निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. अशा वेळी द्यायचं अँटी-डीचं इंजेक्शन सातव्या महिन्यात झालं होतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. कळा देत देत मी हे सांगत होते, पण हिमोग्लोबिन किती, वार कुठे आहे, साखरेचा रिपोर्ट काय, काही आठवेना. ब्याऐंशी माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “फाईल घेतलो की मी.” दुधाच्या तीन पिशव्या एकात एक घालून, सुतळीने बांधून, पोटाशी लुगड्यात खोचलेली. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं, मोबाईल फक्त उचलता येतो. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली तेव्हा वन्संनी नाकं मुरडली होती, फोटोत बरी दिसत नाहीत म्हणून. बॅग पावसात भिजलेली होती. लेक जन्मली ती आत्याबाईंच्या नेसत्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरात गुंडाळली गेली.

मावससासूबाईंनी वन्संना फोन केला. वन्संनी आधी ग्रुपवर टाकलं. माझ्या नवऱ्याला आपल्याला मुलगी झाली हे ब्याऐंशी जणांबरोबर कळलं. मी सांगायची होते ते.

म्हणून सांगते. तारीख कुणाला देऊ नका, “श्रावणात” म्हणा, पुरे. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नीट झाली की मग काय ते सगळ्यांना सांगा, एकेकाला, तोंडाने. रिपोर्टचे फोटो तिघांकडेच ठेवा: नवरा, एक सासरचं माणूस, एक माहेरचं. रक्तगट, चालू गोळ्या, कुठे नाव घातलंय, ते बंद असेल तर दुसरं कुठे, हे त्या तिघांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. खरेदीचं मला विचारू नका, फार घेऊ नका, महिन्यात आखूड होतं. ऑफिसात मात्र वेळेवर सांगा, २६ आठवड्यांच्या रजेचा अर्ज असतो. आणि पहिले तीन महिने कुणालाच सांगायचं नाही हेही मला पटत नाही. काही बरंवाईट झालं तर रडायला एक माणूस लागतंच.

आता न्यायाने बोलायचं तर, त्या बुधवारी रात्री पंपांवर पेट्रोलची बोंब असताना गाडी मिळाली ती ग्रुपवरच. ऑफिसातल्या त्या न पाहिलेल्या माणसाचा भाऊ राजारामपुरीत राहायचा, तो दहा मिनिटांत दारात आला. वन्संनी पुण्यात बसून ते जमवलं. हे मी त्यांना अजून तोंडावर बोललेले नाही, आणि त्यांनी ह्यांना आधी फोन करायला हवा होता हे माझं म्हणणं त्याने बदलत नाही.

ग्रुप अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात लेकीचा पहिला दात पडला. ती आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, आणि ह्यांना कळायच्या आत तो ग्रुपवर.