‘तुझं अ‍ॅडमिशन कशातून?’

कॉलेजं सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की समुपदेशक म्हणून एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. “पोराला जातीवरून बोलतात हो मॅडम. दुर्लक्ष कर म्हणू, की तक्रार द्यायला लावू?” विचारणारे आई-वडील बहुतेक वेळा पहिलं उत्तर मनात ठरवूनच आलेले असतात. म्हणून एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

माण तालुक्यातली मुलगी, साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. वडील एसटीत कंडक्टर. सारखं डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेली. डोळे झाले, रक्त झालं, सगळं ठीक निघालं, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीच्या, यादीची पीडीएफ ग्रुपवर फिरली होती. नावापुढे पर्सेंटाइल, त्यापुढे कॅटेगरी. ती वाचून झाल्यावर रूममेटने विचारलं, “तुझं अ‍ॅडमिशन कशातून?” मग “तुला काय, फी नाहीच” आणि “कोटा नसता तर इथे असतीस का” सुरू झालं. मेसमध्ये ही ताट घेऊन आली की टेबलावरचा विषय आरक्षणावर जायचा. एका सरांनी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म राहिलेल्यांची नावं भर वर्गात कॅटेगरीसकट वाचली. सरांबद्दल मात्र ती म्हणाली, “त्यांना घाई होती.”

दुसऱ्या भेटीत तिने मोबाइलमधल्या नोट्स दाखवल्या. राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ला करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासांसाठी राखलेल्या ५० टक्के जागा, १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेलं, मागासांसाठी खास तरतुदीची मुभा देणारं कलम १५(४), आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घालणारा १९९२चा इंद्रा साहनी निकाल, सगळं तारीखवार. शेवटची नोंद अमेरिकेची होती. रूममेट म्हणाली होती, “अमेरिकेतसुद्धा बंद झालं, हार्वर्डचं वाच.” जून २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, ते खरं आहे. ही मुलगी त्याला उत्तर शोधत रात्री दोन-दोनपर्यंत जागत होती. आणि सकाळी गणिताच्या लेक्चरला डोकं दुखत होतं.

मी तिला विचारलं, “समज, उद्या तू या वादात हरलीस. मग काय होईल?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग त्या बोलतात ते बरोबर ठरेल.”

गाठ तिथे होती. आरक्षण असावं का, किती, कोणाला, यावर संसदेत, कोर्टात, चहाच्या टपरीवर वाद चालतोच आणि चालू दे. पण तो वाद जिंकून दाखवल्याशिवाय आपल्याला मेसमध्ये निवांत जेवता येणार नाही, हे या मुलीने मनोमन मान्य करून टाकलं होतं. अठराव्या वर्षी तिने एकटीने सगळ्या समाजाचं वकीलपत्र घेतलं होतं, तेही वरण-भात खाताना. ज्या अमेरिकेचा दाखला तिला दिला गेला, तिथेही हे दोन विषय एक नाहीत. प्रवेशाची पद्धत २०२३ला बदलली, तरी १९६४चा नागरी हक्क कायदा जागेवरच आहे, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेत वंशावरून भेदभाव करायला तो आजही मनाई करतो. आपल्याकडे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ला दुरुस्ती झाली. रंग, वंश, धर्म, जात, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून दिलेला मानसिक त्रास, अगदी वाळीत टाकल्यासारखं वागणंसुद्धा, रॅगिंगमध्ये धरलं जातं. हे तिला नवीन होतं. “म्हणजे मला काही सिद्ध करायचं नाही?” तिने दोनदा विचारलं.

आम्ही सराव केला. मी रूममेट झाले आणि जमेल तितकं खवचट बोलले. आधी ती लगेच १९०२वर गेली. मी म्हटलं, “शाहू महाराज राहू देत, तू बोल.” शेवटी तिच्या तोंडून आलं, “आरक्षणावर बोलायचं तर एक दिवस ठरवून बसू. जेवताना मला हा विषय नको.” एवढंच. आवाज न चढवता, ताट न उचलता.

वडिलांना स्वतंत्र बोलावलं. ते म्हणाले, “ताई, आम्ही काय कमी ऐकलंय? कानाडोळा केला म्हणून इथवर आलो. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्याच हातात असतात.” ही भीती खोटी नाही, मी ती खोडली नाही. पण कानाडोळा करायला रोज ताकद लागते आणि ती लेकीच्या झोपेतून जाते आहे, हे त्यांना दाखवलं. मुलींवर तक्रार नकोच, असं बाप-लेकीचं ठरलं. नावं वाचण्याबद्दल मात्र प्राचार्यांना पत्र गेलं. यूजीसीच्या २०१२च्या समतेविषयीच्या नियमांत वर्गात जात जाहीर करणं आणि ‘राखीव’ असा शिक्का मारणं हा छळ मानला आहे, कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असंही त्यात आहे. पत्रात सरांचं नाव घातलं नाही. शिष्यवृत्तीच्या सूचना ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाठवाव्यात, इतकीच मागणी. ती मान्य झाली. तोवर तिने तारीख, जागा, नेमके शब्द आणि समोर कोण होतं, याची नोंद ठेवली आणि ग्रुपवरचे स्क्रीनशॉट जपले. तक्रार केली नाही तरी अशी नोंद असावी.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ला याच साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. हे आपण दर सप्टेंबरच्या जयंतीला माइकवरून सांगतो. होस्टेलच्या रेक्टरांनी महिन्यातून एकदा मेसमध्ये ताट घेऊन बसावं, त्यांना भाषणापेक्षा जास्त कळेल.

रूममेटबद्दलही लिहायला हवं. तिच्या मोठ्या भावाला हवी ती ब्रँच मिळाली नव्हती, घरात तेच ऐकत ती वाढली होती. तशा घरांतले पालकही माझ्याकडे येतात. मुलाचं दुःख खरं असतं, ते घरात ऐकून घ्यावं. पण ते शेजारच्या कॉटवरच्या मुलीवर काढू नये, हेही घरातच सांगावं लागतं.

दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. दुसऱ्या सेमिस्टरला हिने खोली बदलली. त्या टेबलावर इतके दिवस गप्प बसणारी कराडची एक मुलगी “मीही येते” म्हणून बरोबर गेली. डोकेदुखी कमी झाली, गणिताचा पेपर राहिला होता तो निघाला.

पालकांनी एक बघावं. मूल नीट झोपेना, जेवेना, घरी येणं टाळू लागलं किंवा “मी नसलेलंच बरं” असं काही बोललं, तर तक्रार करावी की नाही, हा घोळ घालत बसू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.