लुकुमादेस पहिल्यांदा करताय? मग एवढंच सांभाळा

लुकुमादेस म्हणजे यीस्टने फुगवलेल्या पिठाचे तळलेले, वरून मध घालून खायचे ग्रीक गोळे. म्हणून आधी यीस्ट आणा. खायच्या सोड्यावर भागवलंत तर गोळे होतील, पण लुकुमादेसची जाळी पडणार नाही. पहिल्या खेपेला 250 ग्रॅम मैदा, साधारण 220 मिली कोमट पाणी, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरे.

पीठ हाताला चिकटतं म्हणून जवळजवळ सगळेच नवखे वरून मैदा टाकतात. टाकू नका! ते भज्यांच्या पिठाहून थोडं घट्ट, ओढलं की तार सुटेल असंच हवं. झाकून तासभर ठेवा. दुप्पट होऊन वर बुडबुडे दिसले की मगच कढई चढवा.

- मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर दाबायचा, तेलात बुडवलेल्या चमच्याने उचलून सोडायचा. चमचा दर वेळी तेलात बुडवा.
- आच मध्यम. तेल धुरावलं तर बाहेरून लाल, आत कच्चे.
- मध ताटलीत वाढतानाच. गुलाबजामसारखे मुरवलेत तर कुरकुरीतपणा गेलाच. वरून दालचिनी, अक्रोड.

आकार वेडावाकडा येईल, येऊ द्या. आणि थोडे जास्तच करा, कारण ग्रीसमध्ये हा जत्रेतला, चारचौघांत गरम गरम खायचा पदार्थ. सायप्रसमध्ये तर 6 जानेवारीच्या सणाला ते छपरावर फेकतात, नाताळात आलेल्या कालिकांझारी नावाच्या खोडकर भुतांनी खाऊन निघून जावं म्हणून. सिरप, चॉकलेट, भरलेले प्रकार नंतर बघू.