बायसेप्सचा टेंडन : नुसता कापावा की हाडाला बसवावा?

प्रश्न : मी ४८ वर्षांचा वायरमन आहे. उजवा खांदा पुढच्या बाजूने वर्षभर दुखतो आहे. गोळ्या, फिजिओथेरपी, खांद्यातले इंजेक्शन सगळे करून झाले. एमआरआयमध्ये बायसेप्स या दंडाच्या स्नायूचा लांब टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) झिजून फाटत आल्याचे आणि खाचेतून सरकल्याचे दिसले. एक सर्जन म्हणतात, टेंडन नुसता कापून सोडू. दुसरे म्हणतात, कापून स्क्रूने हाडात बसवू. मी काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही सर्जनांचा सल्ला शास्त्राला धरूनच आहे. बायसेप्सची खांद्याकडे दोन टोके, म्हणजे दोन टेंडन असतात. लांब टेंडन खांद्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून निघून सांध्याच्या आतून जातो आणि दंडाच्या हाडावरील खाचेतून खाली उतरतो. आखूड टेंडन सांध्याबाहेरच्या कोरॅकॉइड या हाडाच्या टोकाला जोडलेला असतो. तुमचे दुखणे लांब टेंडनचे आहे. तो कापला तरी आखूड टेंडन शाबूत राहत असल्याने हात निकामी होत नाही, आणि दुखरा भाग सांध्यातून निघून गेल्यामुळे दोन्ही पद्धतींत वेदना बहुधा सारखीच कमी होते.

नुसता टेंडन कापण्याचे काम दुर्बिणीतून थोडक्यात उरकते, शरीरात काही बसवावे लागत नाही आणि हात लवकर वापरता येतो. उणीव अशी की दंडाची बेटकुळी कोपराकडे घसरून तिथे फुगवटा दिसू शकतो, काही जणांना कामानंतर दंडात गोळे येतात आणि तळहात वर फिरवण्याचा जोर थोडा कमी होऊ शकतो. दोन्ही पद्धतींची थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये वेदना आणि एकूण हालचाल यांत फारसा फरक आढळला नाही. फुगवटा मात्र नुसत्या कापण्यानंतर स्पष्टपणे जास्त आढळला. पण चाचणीतला सरासरी रुग्ण दिवसभर पेचकस फिरवत नाही. उजव्या हाताने स्क्रू आवळताना तळहात वर फिरतो आणि कोपर वाकलेले असताना ही हालचाल मुख्यतः बायसेप्सच्या जोरावर होते. म्हणून तुमच्या बाबतीत माझा कल टेंडन हाडाला बसवण्याकडे आहे.

तो कुठे बसवायचा, हा पुढचा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. खाचेच्या वरच्या भागात दुर्बिणीतूनच बसवला तर मोठा छेद टळतो. परंतु खाचेतला टेंडनही सुजलेला असेल, तर तो तिथेच राहून पुढेही दुखू शकतो. छातीच्या मोठ्या स्नायूच्या खालच्या कडेशी, काखेजवळ छोटा छेद घेऊन बसवला तर खाच पूर्ण मोकळी होते. मात्र तिथून दंडाच्या नसा जवळ असतात, काखेजवळच्या जखमेची नीट निगा राखावी लागते आणि हाडाला पाडलेल्या छिद्रापाशी क्वचित फ्रॅक्चरही होतो. स्क्रूसाठी छिद्र मोठे लागते, अँकर किंवा बटण या दोऱ्याने टेंडन हाडाला धरून ठेवणाऱ्या साधनांना लहान पुरते. प्रयोगशाळेत स्क्रूची पकड मजबूत ठरते, तरी प्रत्यक्ष रुग्णांमध्ये या साधनांतला फरक मोठा नाही. टेंडन योग्य ताणावर बसणे अधिक मोलाचे, कारण तो फार ताणला तर दुखतो आणि सैल राहिला तर बेटकुळी खाली येते. जी पद्धत सर्जन नेहमी करतात, तीच त्यांच्याकडून करून घ्यावी.

तुमच्या अहवालातली एक गोष्ट मला अधिक खटकते. टेंडन खाचेतून आतल्या बाजूला सरकतो, तेव्हा खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलारिस हा स्नायूही बऱ्याचदा फाटलेला असतो. तो तपासला का आणि फाटला असल्यास त्याच वेळी शिवणार का, हे दोन्ही सर्जनांना अवश्य विचारावे, कारण बरे होण्याचा काळ त्यावर ठरेल. फक्त टेंडन बसवला तर साधारण चार आठवडे हात झोळीत राहतो, सहा आठवडे कोपर वाकवून वजन उचलणे आणि पेचकस जोराने फिरवणे बंद असते, आणि जड काम तीन-चार महिन्यांनी सुरू होते. स्नायूही शिवला तर याहून अधिक वेळ लागतो. रोजच्या कमाईचा प्रश्न असल्याने ही जुळवाजुळव शस्त्रक्रियेआधीच करावी.

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या आईचा खांदा अनेक महिने दुखत होता. बादली उचलताना कट्‌कन आवाज झाला, दंडावर गोळा आला आणि दुखणे मात्र थांबले. शस्त्रक्रिया लागेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : लांब टेंडन आपोआप तुटला असावा. या वयात तो पुन्हा जोडण्याची गरज सहसा पडत नाही. हात वर उचलताना अशक्तपणा जाणवत असेल, तर रोटेटर कफची (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या टेंडनांची) तपासणी करून घ्यावी. या वयात टेंडनबरोबर तोही फाटलेला असणे सामान्य आहे.